दोनात नावाडी आत जातो

आम्हा झादर गावच्या लोकांना म्युझियम कुठं आहे असं विचारलं, तर आम्ही डोळे मिटून सांगतो. आत काय आहे असं विचारलं, की दुसरीकडं बघतो. आपलंच गाव तिकीट काढून बघायचं म्हणजे स्वतःच्या स्वयंपाकघरात पैसे मोजून जेवायला बसण्यासारखं. शिवाय घाई काय आहे? दोन हजार वर्षं जे दगड हलले नाहीत, ते येत्या मंगळवारी कुठं पळून जाणार?

या बाबतीत दोनात नावाडी आम्हा सगळ्यांच्या वरताण. बंदराच्या या काठावरनं त्या काठावर माणसं पोचवण्यात त्याची एक्केचाळीस वर्षं गेली. पलीकडं जायला पाच मिनिटं लागतात आणि पाच मिनिटं गप्प बसणं त्याला जन्मात जमलेलं नाही. तेव्हा वल्ही मारता मारता तो प्रवाशांना गाव समजावून सांगतो. हा तट, तो घंटेचा मनोरा, आणि त्या छपरांमागं संत दोनातचं गोल चर्च. "माझं नाव त्याच्यावरनंच ठेवलंय. आत चांदीची वेदी आहे, माणसाच्या दीडपट उंच. डोळे दिपतात." प्रवासी खूश होऊन उतरतात. तक्रार करायला आजवर कुणी आलं नाही, कारण परत जाताना लोक पुलावरनं चालत जातात.

दोनात त्या चर्चमध्ये कधी गेलाच नव्हता. वेदीची माहिती त्याला वडिलांकडून मिळालेली. तेही नावाडीच, आणि तेही कधी आत गेले नव्हते.

हे असंच चाललं असतं, पण एप्रिलमध्ये त्याचे व्याही आले. दूरच्या विंकोव्त्सी गावचे इल्या मास्तर. छत्तीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालेले. बरोबर विहीणबाई मांदा आणि हातभर लांबीचं, लालभडक घरचं सॉसेज. रात्रीचं जेवण झालं तसं मास्तरांनी खिशातून वही काढली. वहीत बघायच्या ठिकाणांची यादी होती.

"उद्या एखादा गाईड ठरवू या," मास्तर म्हणाले.

"गाईड?" दोनातनं काटा खाली ठेवला. "व्याहीबुवा, माझ्या गावात तुम्ही पैसे देऊन परका माणूस आणणार? मी काय मेलोय का?"

स्वयंपाकघरात त्याची बायको स्तोशिया भांडी घासत होती. तो ताटं घेऊन आत गेला तेव्हा तिनं हलक्या आवाजात विचारलं, "यादीतल्या एकाच्या तरी आत गेलायस कधी तू?"

"बाहेरनं दिसतं तेवढं पुष्कळ आहे."

"लग्नात तूच त्यांना सांगितलंस ना, गावातला दगडन् दगड ओळखतो म्हणून? आता पोराला सासऱ्यांपुढं मान खाली घालायला लावू नकोस. बाप थापाड्या निघाला, तर पोराच्या शब्दावर कोण विश्वास ठेवील?"

दोनातनं ताटं तिच्यापुढं ठेवली आणि बाहेर आला. पण त्या रात्री त्याला नीट झोप लागली नाही.

सकाळी पहिलं संत दोनातचंच चर्च. जन्मात पहिल्यांदा तो त्या दारातून आत गेला आणि उभाच राहिला. उंचच उंच भिंती, वर कबुतरं, आणि बाकी काही नाही. साधं बाकसुद्धा नाही.

"वेदी कुठं आहे?" मास्तरांनी विचारलं. सकाळी नावेतून येताना त्यांनीही ते वर्णन ऐकलं होतं.

"साफ करायला नेली असेल."

तिकिटं फाडणाऱ्या बाईनं मान वर केली. "काका, माझ्या पणजीच्या वेळीसुद्धा इथं वेदी नव्हती."

मास्तर वाकून भिंतीच्या पायाचे दगड बघत राहिले. "हे रोमन देवळाचे तुकडे. उचलून पायात घातलेत."

"तेच सांगणार होतो," दोनात म्हणाला.

मास्तरांनी मान हलवली. छत्तीस वर्षं मागच्या बाकावरच्या पोरांची उत्तरं ऐकून ज्या मायेनं मान हलते, त्या मायेनं.

दुसरं ठिकाण म्हणजे जुन्या तसबिरींचं दालन. इथं तरी लाज राखावी म्हणून दोनात पुढं झाला. एका तसबिरीतल्या संताच्या हातात मोठी लोखंडी जाळी होती. दोनातच्या परसातही तशीच होती, उन्हाळ्यात तिच्यावर रोज सार्डिन भाजले जात. तो निर्धास्तपणे म्हणाला, "हा आमच्या कोळ्यांचा संत. जाळी बघा, मासे भाजायची."

"हे संत लोव्रो," मास्तर हळूच म्हणाले. "त्या जाळीवर त्यांनाच भाजलं होतं."

विहीणबाई बिचाऱ्या म्हणाल्या, "माझे पाय दुखतायत. कॉफी पिऊ या का?" कॉफीला तास लागला. त्या तासात दोनातनं एक शब्द काढला नाही, यावरून त्याची अवस्था ओळखावी.

तिसरं शहराचं म्युझियम. इथं त्यानं तोंड न उघडायचं ठरवलं होतं. पण वरच्या मजल्यावर बंदराची खोली होती, आणि भिंतीवर भलाथोरला फोटो. धक्क्यावर वाकलेला एक तरुण, भरगच्च केस, दाढी नाही, लोखंडी कडीला नावेचा दोर बांधतोय. खाली पाटी होती: अज्ञात नावाडी.

दोनात कितीतरी वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "हा मी आहे."

मास्तरांनी चष्मा पुसला. विहीणबाई स्वतःच्या बुटांकडं बघू लागल्या. खोलीची राखण करणाऱ्या नेवेन्काबाई खुर्चीवरूनच म्हणाल्या, "मागच्या महिन्यात दोघं येऊन हेच सांगून गेले."

"एक आमच्यातला बेपो नावाडी असणार. त्याला तेव्हा दाढी होती."

"दोघांनीही दाढीचं सांगितलं. फोटो काढला तेव्हा नव्हती म्हणाले."

दिवसभरात दोनातनं सांगितलेली ही एकच खरी गोष्ट होती आणि तीच कुणाला पटत नव्हती. दोष कुणाला द्यायचा? त्यानं टोपी काढून टक्कल चोळलं. "व्याहीबुवा, वेदी मी कधी बघितली नव्हती. त्या संताचंही माहीत नव्हतं. आजवर मी आत पाऊलच टाकलं नव्हतं. पण हा मी आहे. त्या गाठीकडं बघा. मी डावखुरा, माझा पीळ उलटा पडतो. बाकीचे नावाडी हसायचे. माझी नाव सोडायची तर मलाच हाक मारावी लागायची."

मास्तरांनी फोटोच्या अगदी जवळ नाक नेलं. मग गळ्यातला टाय सोडला आणि दोनातच्या हातात दिला. "बांधा."

दोनातनं नेवेन्काबाईंच्या खुर्चीच्या पायाला टाय बांधला. दोन वेढे, एक हिसका. मास्तर गुडघ्यावर बसले. एकदा खुर्चीकडं, एकदा फोटोकडं, परत खुर्चीकडं. पेपर तपासताना असेच दिसत असतील.

"बरोबर आहे," ते शेवटी म्हणाले. "चुकीचीच आहे."

नेवेन्काबाईंनीही वाकून पाहिलं आणि नाव लिहून घेतलं. टाय काही केल्या सुटेना. दोनातनंच सोडला. धक्क्याकडं परतताना मास्तर उघड्या गळ्यानं, चुरगळलेला टाय खिशात घालून चालत होते. घराच्या दारात स्तोशियानं डोळ्यांनीच विचारलं, तेव्हा मास्तरच म्हणाले, "विहीणबाई, दगडांचं काही सांगता येत नाही. पण व्याह्यांचा हात अस्सल आहे. म्युझियमनं तो भिंतीवर टांगलाय."

"आणि वेदी?" स्तोशियानं विचारलं.

"वेदी मी टांगली होती," दोनात म्हणाला. "उतरवली."

हल्ली तो प्रवाशांना सांगतो, "चर्च रिकामं आहे, पण भिंती बघून या. नंतर म्युझियमच्या वरच्या मजल्यावर जा. तिथला केसवाला तो मी." प्रवासी त्याच्या टकलाकडं बघतात आणि हसतात. त्यांना ही थाप वाटते. चांदीच्या वेदीवर मात्र सगळ्यांचा विश्वास बसायचा.

पाटी अजून बदललेली नाही. दर मंगळवारी दोनात वर जाऊन बघून येतो. वाटेत आता त्याला रोमन दगडही ओळखू येतात. नेवेन्काबाई त्याला बसायला स्वतःची खुर्ची देतात आणि म्हणतात, "होईल हो काका. पाटी काय कुठं पळून जातेय?"