पोटातलं पाणी

भाताच्या लावणीत पायाला जखम झाली आणि आठ दिवसांत माझ्या नवऱ्याची लघवी बंद पडली. महाडच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "लेप्टो आहे, चिखलातून जखमेत शिरलेला. मूत्रपिंडं थांबलीत. मशीनच्या डायलिसिससाठी मुंबई गाठावी लागेल, पण बीपी इतकं खाली आहे की रस्ता झेपायचा नाही. पोटात नळी घालून इथेच करू."

नळीतून पिशवीभर पाणी पोटात सोडायचं, तासभर ठेवायचं, मग खालच्या पिशवीत काढून घ्यायचं. रक्तातली घाण त्याच्याबरोबर येते. खाचरात पाणी घ्यावं आणि सोडावं तसंच, म्हणून मला ते लगेच कळलं. पिशव्या सिस्टर बदलायची. मी बघत बसायचं: आलेलं पाणी गढूळ नाही ना, आणि लघवीच्या पिशवीत काही उतरतंय का. ती कोरडीच.

मुंबईला दिराला फोन लावला. आवाज तुटत होता. मी ओरडून सांगितलं, "त्यांच्या पोटात पाणी हाय!"

तिथेच चुकलं माझं. आमच्या वरंधकडे पोटात पाणी होतं ते दारुड्याच्या. दीर म्हणाला, "दादा पितो? बोललीस नाय कधी, वहिनी." फोन तुटला. पुन्हा लावला, त्याने उचलला नाही.

चहाशिवाय कशाला न शिवणारा माणूस! गावात बातमी पोचलीच. ज्यांच्या शेतात आम्ही दोघांनी कंबर मोडून लावणी केली, त्यांतलंही कुणी फिरकलं नाही. करावं तसं भरावं, म्हणाले असतील. मला संताप आला, आणि संतापाहून जास्त एकटं वाटलं. शेजारच्या खाटेवर घरचे डबे यायचे, तेव्हा मी खिडकीकडे तोंड करून बिस्किटं खायचे.

पाचव्या दिवशी लघवीच्या पिशवीच्या तळाला पिवळं दिसलं. अर्धा कप असेल. सिस्टर म्हणाली, "सुरू झाली हो!" आणि पुढच्या खाटेकडे गेली. मी मोबाइल हातात घेऊन बसले. एवढी मोठी गोष्ट, आणि सांगायला कुणी नाही.

नळी निघाल्यावर ते उठून बसले. पेज पिता पिता विचारलं, "कोण कोण आलती गो बघायला?"

"सगली येऊन गेली," मी म्हटलं. "तुमी झोपेत होता."

ते खूश झाले. "माणसं चांगली हायत आपली," म्हणाले.

मी वाटी घेऊन मोरीवर गेले आणि नळ सोडून बराच वेळ उभी राहिले.