गाऱ्हाण्याचे चाळीस सहआरोपी

निवृत्तीनंतर मोठमोठे तपास पुसट होत गेले, पण बोरिवलीतला एक साधा तक्रार अर्ज अजून जसाच्या तसा डोळ्यांपुढे उभा राहतो. त्यात एक मुख्य आरोपी होता, चाळीसेक सहआरोपी होते आणि घटनास्थळी साक्षात गणपती हजर होता. जबाबासाठी त्याला बोलावता आलं नाही, एवढीच तपासातली त्रुटी.

अर्जदार एका सोसायटीचे चेअरमन होते. ते पोलीस ठाण्यात येत नसत, त्यांचं आगमन होई. दार धरायला पुढे एक माणूस, शाल सांभाळायला मागे एक. त्या दिवशी त्यांनी अंगठीच्या मखमली डबीतून पेन ड्राईव्ह काढून ठाणे अंमलदाराच्या टेबलावर ठेवला. जिवाला धोका आहे, संरक्षण हवं, म्हणाले. कसलं, असं विचारल्यावर त्यांनी तपशील दिला: सोबत फिरणारं, गणवेशातलं, हत्यारासकट. वॉर्डाची निवडणूक तोंडावर होती आणि शेजारच्या सोसायटीतल्या इच्छुकाला नुकताच अंगरक्षक मिळाला होता.

धोका असा होता. सोसायटीत माघी गणपती बसायचा. गाऱ्हाणं घालायचा मान तळकोकणातल्या, आयुष्य गिरणीत गेलेल्या एका आजोबांचा. ज्यांना ही रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक जण देवाकडे मागणं मागतो, प्रत्येक मागण्याअखेर थांबतो आणि बाकीचे हात जोडून एका सुरात म्हणतात, 'व्हय महाराजा'. पेन ड्राईव्हवरच्या ध्वनिमुद्रणात आजोबांनी लेकराबाळांचं रक्षण मागितलं, लिफ्ट चालू राहू दे म्हणाले, आणि मग खणखणीत आवाजात: "ह्या चेअरमनाचे पाय मोडूक होये." त्यावर सगळी सोसायटी म्हणाली, "व्हय महाराजा."

चेअरमनांचं म्हणणं, 'व्हय' म्हणणारे सगळेच कटात सामील. त्यातही एका बाईचा आवाज सगळ्यांच्या वर चढला होता. तो आजोबांच्या नातीचा, असं त्यांनी अर्जात नावानिशी लिहिलं होतं. इथे माझं हसू थांबलं. ही मुलगी न्यायालयात लघुलेखिका म्हणून निवडली गेली होती आणि तिच्या चारित्र्य पडताळणीचा कागद आमच्याच ठाण्याच्या ट्रेमध्ये पडून होता. तिचं नाव गुन्ह्यात आलं असतं तर तो कागद अडकला असता, आणि नोकरी आपल्यासाठी थांबत नसते.

आजोबांना बोलावलं. क्लिप ऐकून ते शांतपणे म्हणाले, "आवाज माझो. वाक्यय माझा." हवालदाराने लिहायला पेन उघडलं. "पण देवापुढे नाय बोललंय."

मग कुठे बोललात, असं विचारलं.

"आता खंय म्हणान सांगू, साहेब? तेका मी येता-जाता बोलतंय. पण माझा भांडान माणसाशी. देवाक मधी कित्याक घालू?"

ध्वनिमुद्रण करणाऱ्या कॅमेरावाल्याने मूळ कार्ड पुसून पुढच्या लग्नाला वापरलं होतं. तेव्हा उरले साक्षीदार. एकेकाला बोलावून मी एकच प्रश्न विचारला: तुम्ही 'व्हय' म्हणालात ते कशाला? एकाला वाटत होतं पाण्याच्या टाकीला. दुसरा म्हणाला, आजोबा थांबले म्हणून. खजिनदारांचं लक्ष शिऱ्याकडे होतं. फितूर साक्षीदार मी पाहिले होते, विकत घेतलेलेही पाहिले होते. पण आपण कशाला होकार दिला हे एकालाही ठाऊक नाही असा जमाव तोवर मी फक्त वार्षिक सर्वसाधारण सभेत पाहिला होता.

नात सरळ म्हणाली, "मी म्हणाले ते खरं आहे. कशाला म्हणाले ते आठवत नाही. आता नोकरीसाठी खोटं आठवू का?"

दोन दिवसांनी ठाण्याच्या फोनवर एका बाईने खबर दिली. नाव सांगितलं नाही. "ती क्लिप मोबाईलवर नका ऐकू. हेडफोन लावा." आणि फोन ठेवला. मी एका महिला शिपायाचे हेडफोन मागून घेतले. त्या वाक्यापाशी काहीतरी विचित्र होत होतं, पण काय ते सांगता येईना. रीतसर नमुना प्रयोगशाळेकडे पाठवला. तिथली रांग मला माहीत होती, तेव्हा निदान समजून घ्यावं म्हणून अंधेरीच्या एका डबिंग स्टुडिओत गेलो. तिथल्या ध्वनिसंयोजक बाई पोलिसांशी नटांशी बोलावं तशाच बोलत, म्हणजे आदर न ठेवता.

"आत्तापर्यंत हे मोबाईलवर ऐकलंत ना? म्हणजे डावं-उजवं सगळं एकाच डबड्यातून." त्यांनी पडद्यावर आवाजाचे दोन पट्टे उलगडले, वरचा डाव्या बाजूचा, खालचा उजव्या. एक बंद केला तर पुरुष जवळजवळ नाहीसे झाले, दुसरा बंद केला तर बायका. पूजेत पुरुष डावीकडे आणि बायका उजवीकडे उभ्या होत्या, ते मला डोळे मिटूनही दिसलं. पंखा डावीकडे घरघरत होता, उजवीकडे बांगड्या वाजत होत्या आणि एक पोर रडत होतं.

"आता ते वाक्य," बाई म्हणाल्या. पाय मोडायची वेळ आली आणि पंखा बंद, बांगड्या गप्प, पोरही गप्प. आजोबा एकटेच डोक्याच्या मधोमध बोलले. वाक्य संपताच पोर अर्ध्या हुंदक्यातून पुन्हा सुरू.

मग त्यांनी एक पट्टा उलटा करून दुसऱ्यात मिसळला. दोन्हीकडे जे तंतोतंत सारखं असेल ते असं केल्यावर एकमेकांना खाऊन टाकतं, हे मला त्या दिवशी कळलं. सभागृहाचा गलका विरळ होऊन उरला. पण त्या वाक्याच्या जागी काहीच नव्हतं.

"अशी शांतता इथे फक्त पगारवाढीचा विषय निघाला की होते," बाई म्हणाल्या. "साहेब, बाकी सगळं दोन माइकवरचं आहे, हे वाक्य एका. बाहेरून आणून चिकटवलंय. आणि माणूस धापा टाकतोय, ऐका. आवाज जिन्यात घुमतोय. हा कुणीतरी पाठवलेला व्हॉइस मेसेज आहे."

लिफ्ट बंद पडली की आजोबा पाच मजले चढताना सोसायटीच्या ग्रुपवर असे मेसेज पाठवत. ते कोणी ऐकत नसे. अपवाद एकच, चेअरमन.

मी त्यांना बोलावून घेतलं. टेबलावर संगणक आणि दोन स्पीकर मांडले. पाय मोडायचा विषय काढलाच नाही. फक्त उजवी बाजू लावली, त्यातला तो चढा 'व्हय महाराजा' वेगळा ऐकवला आणि विचारलं, "ही आजोबांची नात ना?"

बायकांच्या रांगेतून तो आवाज आता स्वच्छ येत होता. चेअरमनांनी तो ओळखला, कारण रोज जेवायला बोलावणारा तोच होता. मीही ओळखला. हेडफोन लावा म्हणून सांगणाराही तोच होता. ते मी कुणाला सांगितलं नाही.

"सहआरोपीचं नाव बदलावं लागेल," मी म्हणालो. "तुम्ही बदलता, की मी पंच घेऊन घरी येऊ?"

त्यांनी पाणी मागितलं. शाल सांभाळणाऱ्याला बाहेर जायला सांगितलं. मग कबूल केलं: मोबाईलवरच्या एका अॅपवर मूळ वाक्य कापलं, त्या जागी मेसेज चिकटवला. मूळ वाक्य काय होतं, हे विचारल्यावर मात्र त्यांनी मान ताठ केली. "साहेब, माफी लिहून देतो. ते वाक्य विचारू नका." त्यांच्यात मला पहिल्यांदाच खरा रुबाब दिसला.

खोटा पुरावा देण्याचं कलम मी त्यांना सावकाश वाचून दाखवलं. अर्ज मागे घेतला गेला, आजोबांची आणि नातीची लेखी माफी मागून झाली, वरिष्ठांना अहवाल गेला, स्टेशन डायरीत नोंद झाली. मग ट्रेमधला कागद काढून मी 'प्रतिकूल काही नाही' असा शेरा मारला आणि सही केली. मुलगी कागद न्यायला आली तेव्हा आजोबाही आले होते. मी त्यांनाही विचारलं, देवाकडे नक्की काय मागितलं होतं? "गाराणा घालताना कोण ध्यानात ठेवता?" ते म्हणाले.

पुढे एका खटल्यात साक्षीला गेलो तेव्हा ती न्यायाधीशांच्या खाली बसून भराभर लिहीत होती. मधल्या सुट्टीत भेटली. चेअरमन फ्लॅट विकून डोंबिवलीला गेले होते, कुणी न सांगता.

"आता सगळे म्हणतात, आजोबांनी हेच मागितलं होतं. तेका सुखात ठेव, पण दुसऱ्या बिल्डिंगीत."

"सगळे?"

"एकूण एक. खजिनदारकाकासुद्धा."

माणसांना आपण काय ऐकलं ते निकाल लागल्यावर आठवतं, हे इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कुठल्या खुनाच्या तपासाने शिकवलं नाही, ते या अर्जाने शिकवलं. त्यानंतर कुणी साक्षीदार फार ठामपणे सांगू लागला की मी आधी बघत असे, निकाल याला कधी कळला.

"आणि तुम्हाला काय आठवतं?" मी विचारलं.

तिने पेन्सिलीला टोक काढत गंभीरपणे सांगितलं, "शब्दन्शब्द, साहेब."