जंत नव्हते

"ए, तू हात लावू नको माझ्या पोरीला. दुसरी न्हाई का कुणी?"

सगळ्या वॉर्डासमोर बाप बोलला. मी नर्सच्या पांढऱ्या साडीत. पण आमची वस्ती गावाच्या कुठल्या टोकाला, हे त्याला ठाऊक होतं. दुष्काळाचं साल. श्रीरामपूरकडच्या त्या दवाखान्यात लागून मला तीनच महिने झाले होते.

"दुसरी न्हाई," म्हटलं, आणि पोरीच्या पोटावर हात ठेवला.

चार वर्षांची असेल. अंगावर साधं खरचटलेलंही नव्हतं. पोट मात्र फळीसारखं टणक. दाबलं की रडायची नाही, श्वास धरायची. ओठ पांढरे. नाडी धावत होती. उलटी हिरवी.

"काय झालं हिला?" आईला विचारलं.

तिनं आधी नवऱ्याकडं बघितलं. "पडली. ओट्यावरनं."

"कधी?"

"परवा."

गुडघाभर उंच ओटा. त्यावरून पडून पोट असं होत नाही. लाथ बसली तर होतं, आणि वर खूण उठतेच असं नाही. आणि परवा पडली, तर आज का आणली?

डॉक्टर आले. बाप मोठा बागायतदार, त्याला आधी खुर्ची दिली. मी हळूच सांगितलं, "साहेब, आत काहीतरी फुटलंय. हिला कुणीतरी मारलंय पोटात. नगरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवा."

ते मोठ्यानं हसले. "जंत आहेत. सवलतीवर नर्स झालेल्या बाया आता आम्हाला डॉक्टरी शिकवणार!"

बापही हसला. आणि मी गप्प बसले. त्यांच्या हसण्यापेक्षा माझ्या त्या गप्प बसण्याची चीड मला आजही जास्त येते.

जंताचं औषध पाजलं. दुपारी पोर गेली.

डॉक्टरांनी कागद पुढं केला. जंत, उलट्या, जुलाब. "कर सही."

जुलाब झालेच नव्हते.

"न्हाई करत."

"नोकरी जाईल."

"जाऊ द्या."

त्याच कागदावर, त्यांच्या अक्षराखाली मी लिहिलं: पोट टणक. उलटी हिरवी. अंगावर खूण नाही. सांगितलेलं कारण पटत नाही. तो कागद घेऊन चालत चौकीवर गेले. जमादारानं ठेवून घेतला. बापाला कुणी बोलावलं नाही. माझी मात्र बदली झाली, पार पाथर्डीकडं.

इथं ऊसतोडीवरून परतलेली पोरं येतात, बंगल्यातलीही येतात. प्रत्येकाचं पोट मी दाबून बघते. घरचे सांगतात ते ऐकते, पोट सांगतं ते लिहिते. इथले साहेब नको म्हणाले तरी पोर उचलते, रस्त्यात उभी राहून एस.टी. अडवते. ड्रायव्हरला सांगते, थेट नगर. मधे कुठं थांबायचं न्हाई.