आखाजीला येणारी हार्डडिस्क

पारोळ्याच्या चौकातली ‘धुळे’ लिहिलेली पाटी कुणी उपटून घरी आणली आणि बायकोला म्हणाला, ‘हे घे, तुझं धुळं आणलं’, तर त्याला आपण काय म्हणू? मी नेमकं तेच केलं, आणि वर दोन मिनिटांत काम उरकलं म्हणून चार पाहुण्यांकडून कौतुकही करून घेतलं. नानांच्या तेराव्याचं जेवण नुकतंच आटोपलं होतं. नाना म्हणजे माझ्या बायकोचा, सुमनचा, थोरला भाऊ. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन धुळ्याला स्थायिक झालेले. महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी सकाळी पेपर वाचता वाचता गेले. वहिनी आता पुण्याला लेकीकडे जाणार होत्या. मला म्हणाल्या, “भाऊजी, ह्यांचा कॉम्प्युटर नरडाण्याच्या शाळेला द्यायचं ठरलंय. त्याआधी ह्यांचं जे काय असेल ते काढून घ्या. सुमनताईंचा जीव त्यात अडकलाय.”

सुमनचा जीव ज्यात अडकला होता ते असं. गेल्या पावसाळ्यात नानांनी एक नवाच उद्योग आरंभला होता. जुने फोटो ते आधीपासूनच गोळा करत. आता फोटो म्हाताऱ्या माणसांच्या हातात द्यायचा, यात कोण कोण आहे ते विचारायचं आणि त्यांचं बोलणं कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून ठेवायचं. सुरुवात स्वतःच्या आईपासून. दिवाळीनंतर आई गेल्या, तेव्हा सुमन नानांना म्हणाली होती, मला ते ऐकायचंय. नाना म्हणाले, “आखाजीला येतोच आहे तुला न्यायला. बठ्ठा घेऊन येतो.” फोल्डरलाही त्यांनी तेच नाव दिलं होतं... ‘बठ्ठा’. म्हणजे सगळा.

त्यांनी आखाजीला यायचं आणि काहीतरी घेऊन यायचं, हे आमच्या लग्नापासून चालत आलेलं. खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी जाते आणि तिला न्यायला भाऊ येतो. नाना एकही वर्ष चुकले नाहीत. पुढे दोघांच्याही घरी कॉम्प्युटर आले, तेव्हा पहिल्या वर्षी ते चक्क स्वतःच्या कॉम्प्युटरचा अख्खा डबा एसटीतून मांडीवर घेऊन आले. कंडक्टर म्हणाला, “नाना, याचं अर्धं तिकीट फाडावं लागंल.” नाना म्हणाले, “फाडा. पण मग याला खिडकीजवळ बसवा.” आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन्ही कॉम्प्युटर शेजारी शेजारी मांडून, मध्ये केबल लावून आम्ही फोटो इकडून तिकडे सोडले. ती हिरवी पट्टी पुढे सरकेना. दुपारचं भरीत टेबल अडल्यामुळे सगळ्यांनी जमिनीवर बसून खाल्लं, आणि नाना ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी हातात घेऊन पट्टीसमोर उभे, दूध उतू जाऊ नये म्हणून बाई उभी राहते तसे. मग सीड्या आल्या, मग पेनड्राइव्ह, मग हार्डडिस्क. हार्डडिस्कला बसचे धक्के बसू नयेत म्हणून ती आईंनी केलेल्या बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या, डब्यात, अगदी मधोमध. जळगावला पोचल्यावर आधी तिच्यावरची ज्वारीची कणी फुंकायची, मग ती जोडायची.

मी जळगावच्या एका कॉलेजच्या ऑफिसात. कॉम्प्युटरवर पत्रं टाइप करतो, एवढ्या भांडवलावर सासुरवाडीत मला कॉम्प्युटरचा मोठा जाणकार समजतात, आणि मीही कधी कुणाचा गैरसमज दूर केलेला नाही. मी नानांना दरवर्षी सांगायचो, इंटरनेटवरून पाठवत चला, घरबसल्या मिनिटात येतं. एका वर्षी ते हसून म्हणाले, “पाव्हणे, ते मिनिटात आलं तर मी कशाला येऊ?” फाइल उतरवून झाली तरी ते उठत नसत. आमच्या कॉम्प्युटरवर एकेक उघडून बघायचे. मी वैतागून म्हणायचो, नाना, आली ना आता, तपासता काय? तर म्हणायचे, “बहिणीला सासरी सोडायला आलो होतो, तेव्हापण चूल पेटलेली बघूनच परत फिरलो होतो.” चूल आमचीच होती.

तर त्या दिवशी मी ऐटीत नानांच्या खुर्चीवर बसलो. समोर पडद्यावर ‘बठ्ठा’ दिसत होतं. ओढलं, पेनड्राइव्हमध्ये टाकलं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच झालं. एवढी वर्षं तासन्‌तास लागायचे ते निमिषात कसं झालं, हा प्रश्न शहाण्या माणसाला पडला असता. मला वाटलं, माझा हातच तसा. शिवाय नानांची बँकेची कागदपत्रं शाळेत जायला नकोत म्हणून मी माझ्याच हातानं तो कॉम्प्युटर आतून पार पुसून स्वच्छ केला. वहिनींनी चहा दिला. म्हणाल्या, “तुम्ही होतात म्हणून झालं हो.”

जळगावला येऊन पेनड्राइव्ह लावला. ‘बठ्ठा’वर क्लिक केलं. काही उघडेना. तेव्हा त्या चित्राच्या कोपऱ्यातला लहानसा बाण मला पहिल्यांदा दिसला. मी आणलं होतं ते फोल्डर नव्हतंच, फोल्डर कुठं ठेवलंय ते दाखवणारी नुसती खूण होती. पाटी आणली होती आणि मागचं गाव पुसून आलो होतो.

सुमनला मी सांगितलं नाही. म्हणालो, फाइल मोठी आहे, उघडायला वेळ लागतोय. ती म्हणाली, “नानाचं तर कधी इतकं अडलं नाही.” गुपचूप नरडाण्याला जाऊन आलो. शाळेनं नानांच्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टिम टाकून मुलांना बसवलंही होतं. तरी त्यातली डिस्क मागून दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्यानं ती दोन दिवस ठेवून घेतली आणि म्हणाला, “काका, वरनं नवीन भरलंय. आता खालचं काही निघणार नाही.” आखाजी जवळ येत होती. सुमननं कॉम्प्युटरचं टेबल पुसलं, स्पीकर पुसले, समोर दोन खुर्च्या मांडल्या. त्या खुर्च्या बघवेनात. ती भाजी निवडत होती, तेव्हा समोर बसून सगळं सांगितलं. बाणासकट सांगितलं. म्हणालो, “आईंचा आवाज मी घालवला गं.”

ती भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, “आईचा आवाज आहे माझ्या कानात. तो कुठं जात नाही. मला नाना ऐकायचा होता.”

माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं. लग्नाकार्यात नाना कायम कॅमेऱ्याच्या मागे. त्यांचा आवाज कुणाकडेच नाही. एकदा फोनवर त्यांनी त्या रेकॉर्डिंगचा तुकडा आम्हाला ऐकवला होता. स्वतःच्या वडिलांच्या फोटोवर बोट ठेवून विचारत होते, “हाऊ कोन शे व माय?” आणि आई डाफरल्या होत्या, “तुना बाप शे, दुसरा कोन राही?” आम्ही आईंच्या उत्तराला हसलो होतो. विचारणाऱ्याकडे कुणाचं लक्ष होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमन माझ्याआधी तयार होऊन बसलेली. मी भीत भीत विचारलं, कुठं निघालीस?

“यावलला, अक्कामावशीकडे. नाना तिच्याकडेपण बसला होता फोटो घेऊन. त्यानं काय काय विचारलं ते ती त्याच्याच बोलीत करून दाखवंल, नकला करायची सवय आहे तिला. चला, गाडी काढा. तो पेनड्राइव्ह राहू द्या घरी, आणि तिथं गेल्यावर कशाला हात लावू नका. नुसतं ऐका.”