एकवीस नारिंगी दिवे

आमच्या सोसायटीत परिपत्रकांना तोटा नाही. बिबवेवाडीतल्या तीन सारख्या इमारती, तिन्हींना एकच बदामी रंग, तरीही सचिवांची एकरूपतेची हौस फिटत नाही. या दिवाळीला त्यांनी कळवलं की प्रत्येक गॅलरीला पांढऱ्या एलईडीची माळ सोसायटीच लावेल. ती कोणी काढू नये, दुसरी लावू नये, जुन्या माळा उतरवाव्यात. मी निमूटपणे उतरवली. गेल्या दिवाळीपासून आळसापोटी तशीच लोंबकळत ठेवलेली आमची नारिंगी माळ भंगारवाल्याला दिली आणि गॅलरी पुसून काढली. कधी नव्हे ते स्वतःवर खूश होते.

नव्या माळा लागल्या त्याच संध्याकाळी वॉचमन बाबांना हाताला धरून वर घेऊन आला. माझे वडील रोज साडेसहाला एकटे खाली उतरतात, सोसायटीच्या बागेला चार फेऱ्या मारतात आणि परत येतात. त्या दिवशी ते आमची बी इमारत सोडून सी मध्ये शिरले, आमच्याच मजल्यावर गेले, बेल वाजवली आणि दार उघडणाऱ्या बाईंना विचारलं, "आपण कोण? माझ्या घरात काय करताय?" बाई भल्या. त्यांनी पाणी दिलं आणि वॉचमनला बोलावलं.

"बाबा, असं कसं चुकलात?" मी विचारलं.

"आपले दिवे कुठे गेले?" ते उलट माझ्यावरच चिडले.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांचा विसराळूपणा मला ठाऊक होता, डॉक्टरांनी त्याचं नावही सांगितलं होतं. पण वर्षभर हा माणूस त्या माळेकडे बघून घर शोधत होता आणि कोणाला पत्ता लागू देत नव्हता, हे मला माहीत नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

"उद्यापासून मी येते बरोबर," मी म्हटलं.

"मग तूच जा फिरायला. मी बसतो घरी."

आणि खरोखर बसले. दोन दिवस त्यांच्या चपला दाराशी जागच्या हलल्या नाहीत. दिवसभरात कोणाला न विचारता करायची अशी त्यांच्याकडे ती एवढीच गोष्ट उरली होती, आणि ती माझ्या हातून गेली होती.

परिपत्रक मी पुन्हा वाचलं. काढू नये, दुसरी लावू नये. रंगवू नये असं कुठेही लिहिलेलं नव्हतं.

खिडकीच्या गजांना लावून उरलेला नारिंगी ऑइलपेंट घरात होता. दुपारी बसून कठड्यावरचे सगळे एकवीस दिवे रंगवले. उन्हात असे झकास दिसत होते की मी फोटोसुद्धा काढला. संध्याकाळी बाबांना आग्रहाने खाली नेलं. दिवे लागले, आणि सगळी इमारत उजळलेली असताना आमचा कठडा तेवढा काळाठिक्कर. रंगातून उजेड बाहेरच येईना. बाबांनी वर बघितलं आणि म्हणाले, "इथे कोणी राहत नाही वाटतं."

दुसऱ्या दिवशी मी टर्पेंटाइनमध्ये भिजवलेली चिंधी घेऊन रंग काढत बसले होते. बाबा मागे येऊन उभे राहिले.

"ऑइलपेंट?" त्यांनी विचारलं. माझी चोरी पकडल्यासारखा सूर होता. "अगं, काचेवर काय लावायचं एवढंही कळत नाही?"

त्यांना कळत होतं. तरुणपणी कसब्यातल्या एका खोलीत बसून ते थिएटरांसाठी काचेच्या जाहिराती रंगवायचे. मध्यंतरात पडद्यावर दिसायच्या तसल्या, साड्यांच्या आणि मंगल कार्यालयांच्या. सकाळचा चहा झाला की नाही हे न आठवणाऱ्या माणसाने मला काचेवरचे रंग आणायला पिटाळलं, वर बजावलं, "पारदर्शक दे म्हणावं. पिवळा आणि लाल."

मी दुपारीच सुरुवात करायला निघाले तर म्हणाले, "थांब. उजेडातून बघायचा रंग उजेड लावूनच लावतात."

मग संध्याकाळी माळ लागल्यावर कठड्यावरचा भाग सोडवून खोलीत ओढून घेतला. धूळ बसेल म्हणून पंखा बंद करायला लावला. पहिला पिवळा हात दिला तर दिवा हिरवट दिसू लागला. बाबा हसले. "हा पांढरा उजेड निळसर आहे. लाल घाल थेंबभर." थेंबभर घातला आणि नारिंगी उतरला. दोन पातळ हात, मध्ये वाळू द्यायचं. पाचवा दिवा त्यांनी माझ्याकडे दिला आणि मी तो एकाच जाड हातात उरकला. खाली ओघळ आला.

"बिघडवलास," बाबा म्हणाले, आणि पुढचे सगळे स्वतः केले. मला इतकं बरं वाटत होतं की बोलणी खायलाही मजा आली.

सकाळी सचिव आले. "अहो, पांढरे ठरले होते ना?"

"पांढरेच आहेत," मी म्हटलं. "रंग वरून आहे."

त्या संध्याकाळी बाबा एकटे उतरले. मी गॅलरीत दाराआड उभी राहिले. चार फेऱ्या झाल्या. ते सी इमारतीकडे वळले. मी हाक मारणार तेवढ्यात ते थांबले, मान वर केली, एकेक गॅलरी बघत आले आणि आमच्या जिन्याकडे चालू लागले.

बेल वाजली. मी दार उघडलं. बाबा उंबऱ्याबाहेरच उभे होते. परक्याच्या दारात उभं राहावं तसे, अवघडून. म्हणाले, "अहो, आपली माळ खालून बघितली. नारिंगी फार सुरेख जमलाय. कोणाचं काम?"

"माझ्या वडिलांचं," मी म्हटलं.

"जाणकार दिसतात. तो पाचवा मात्र त्यांचा नाही. तो कोणीतरी नुसता फासलाय."

"तो मी केलाय."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग चपला काढल्या, नेहमीच्या जागी ठेवल्या आणि आत येत म्हणाले, "वाटलंच मला. चहा टाक. आणि उद्या तो पाचवा पुसून दे, मी करतो नीट."

दिवाळी होऊन गेली. माळा उतरवण्याचं परिपत्रक दोनदा येऊन गेलं. बाबा रोज वर येतात आणि पाचव्यावरून मला रोज बोलतात. मी तो अजून पुसलेला नाही.