आबांची कात्रणांची वही

आमचं माहेरचं आडनाव खान्देशात इतकं आहे की चोपड्याच्या स्टँडवर कुणी ते मोठ्यानं पुकारलं तर निम्मी बस मागे वळून बघेल. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्याचंच कौतुक. पेपरात त्या आडनावाचा कुणी मोठा माणूस आला की त्याचा फोटो कापून वहीत चिकटवायचा. आबा दुसरीपर्यंत शिकलेले, म्हणून वाचायचं काम माझं. मीही सातवीनंतर घरीच बसले, पण वाचता येत होतं. शिरपूरचा पहिलवान, धुळ्याला बदलून आलेले एक साहेब, एक न्यायाधीश, एक कीर्तनकार बाई, जळगावचे सर्जन. सगळे कणकेच्या खळीनं चिकटवलेले.

"बठ्ठा आपलाच शेतस," आबा म्हणायचे. सगळे आपलेच.

सर्जनची बातमी वाचताना मी एक ओळ गाळली होती. ते मूळचे कोकणातले, असं त्यात लिहिलेलं. आबांचा चेहरा असा फुललेला की ती ओळ तोंडातून निघालीच नाही. पुढे माझं लग्न झालं, आडनाव बदललं, आणि आम्ही पोटासाठी तिरुपूरला आलो. इथे बनियनच्या कारखान्यात मी धागे कापते.

गेल्या वर्षी केळीच्या बागेत आबांच्या पायाला काहीतरी टोचलं. त्यांना शुगर आहे. जखम त्यांनी दडवली. धाकट्या भावाला दिसली तोवर अंगठा काळा पडला होता. चोपड्याचे डॉक्टर म्हणाले, आजच जळगावला न्या. आबा वही काखेत घेऊन निघाले, त्या सर्जनकडेच जायचं म्हणून. सर्जन बाहेरगावी गेलेले, सोमवारी येणार. तो शुक्रवार होता. तिथले दुसरे तरुण डॉक्टर लगेच ऑपरेशन करायला तयार होते, पण त्यांचं आडनाव वेगळं. आबा सही करेनात.

भावाचा फोन कारखान्यातच आला. "अक्का, तूच सांग. माझं ऐकत नाहीत ते. पाया पडून झालं, आता काय लोळण घेऊ?"

आमच्या सुपरवायझर बाईला मराठी येत नाही, मला तमिळ जेमतेम. तिनं माझा चेहरा पाहिला, हातातली कात्री काढून घेतली आणि जिन्याकडे बोट केलं. तिचे उपकार कसे फेडू?

"आबा, सही करा."

"आपला माणूस सोडीसन दुसराले पाय कसा देऊ?"

शनिवारी मी खरं सांगून टाकलं. "आबा, ते आपल्याकडचे नाहीत. कोकणातले आहेत. पेपरात होतं, मीच वाचलं नाही तुम्हाला."

आबा म्हणाले, "मंग काय व्हयनं? आडनाव ते आपलंच शे ना. कोनी आजा-पणजा गया व्हई कोकणमा."

स्वतः जावं म्हटलं, तर इथून जळगाव म्हणजे दोन दिवसांचा रस्ता. गाडीत बसले असते तरी सोमवार उजाडला असता.

रविवारी भाऊ म्हणाला, काळं वर सरकतंय. मी त्याला फोन त्या तरुण डॉक्टरांकडे द्यायला सांगितला. "डॉक्टर, तुम्ही मोठ्या डॉक्टरांचे भाचे आहात असं सांगू का आबांना?"

ते म्हणाले, "ताई, मी खोटं बोलणार नाही. पण तुम्ही वडिलांशी काय बोलता, ते ऐकायला मी थांबत नाही."

मी आबांना सांगितलं, हा त्यांच्या बहिणीचा मुलगा, म्हणून आडनाव वेगळं.

"भाचा शे?" आबा म्हणाले. "मंग तीन दिन कोनी सांगं का नही माले?" आणि त्यांनी भावाकडे पेन मागितला.

आबा वाचले. शुक्रवारी नुसता अंगठा गेला असता, रविवारी अर्धं पाऊल गेलं. त्या डॉक्टरांनी पुढचे पंधरा दिवस पट्टी स्वतः बदलली, कधी आवाज चढवला नाही. देव त्यांचं भलं करो.

आबा आता ओट्यावर खाट टाकून असतात, वही उशाशी. त्यांना भाच्याचा फोटो हवा आहे. मी म्हटलं, पेपरात आला की बघते. इथे मराठी पेपर येत नाही.

"तो कोना गावना शे?" त्यांनी विचारलं.

"विचारून सांगते," मी म्हटलं. त्याला आठ महिने झाले. दर फोनला विचारतात.