नापासाचा कागद

२०२३ साल, मी एकाहत्तर वर्षांचा. इंग्रजीला भिऊन नात बारामतीचं कॉलेज सोडते म्हणाली, म्हणून तिला घेऊन मीच सणसरहून गेलो. नव्या पोरांना सांभाळायला तितं वरच्या वर्गातली एक पोरगी नेमली होती. तिनं पिशवीतून आपलाच पहिल्या वर्षाचा नापासाचा निकाल काढला, प्लास्टिकमध्ये जपलेला, आणि नातीच्या मांडीवर ठेवला.

"असला कागद कुणी दाखवत फिरतं व्हय?" मी म्हणालो.

"आबा, पासाचा समदेच दाखवत्यात. तो बघूनच नवी पोरं भित्यात."

नात हसली आणि वर्गात गेली. पोरगी कुणाची, विचारायचं राहिलं. छाती मात्र ती आपल्याच घरची असल्यागत माझी फुगली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीची वाट बघताना मी नातीला खरं सांगितलं. माझी शाळा सुटली त्याचा दोष आजवर माझ्या बापावर ढकलत आलो, पण ती मीच सोडली. चौथीत नापास झालो होतो.